उशीर कशाला, घाई कशाची

चि. प्रसाद यास,


साहेबांनी चारचौघांत चूक काढली म्हणून तू रात्री ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांचा उद्धार केलास आणि हटकायला आलेल्या बाबांवरही ओरडलास, हे ताईकडून कळलं. ‘ख्रिस्ती माणसानं रागवायचंच नाही का?’ हा तुझा सवालही पोहोचला.

रागवायचं की! येशूही रागावला होता. यरुशलेमच्या मंदिरात त्यानं सराफांचे चौरंग उलथून टाकले, हे तू संडेस्कूलपासून ऐकत आला आहेस. आदल्या संध्याकाळकडे मात्र सहसा कुणाचं लक्ष जात नाही. मार्क सांगतो, येशू मंदिरात गेला, त्यानं सभोवार सगळं पाहिलं आणि दिवस कलला म्हणून तो बारा शिष्यांसह बेथानीला निघून गेला. चौरंग उलथले ते दुसऱ्या दिवशी. मध्ये एक अख्खी रात्र गेली. याकोबाचं पत्रही तेच शिकवतं: ऐकायला तत्पर असावं, बोलायला आणि रागवायला सावकाश.

मोशेला तेवढा धीर निघाला नाही. देवानं खडकाशी नुसतं बोलायला सांगितलं होतं. लोकांच्या कुरकुरीनं कावलेल्या मोशेनं त्यावर दोनदा काठी हाणली. पाणी आलं, तहानही भागली. पण रानात चाळीस वर्षं लोकांना सांभाळणाऱ्या या पुढाऱ्याला कनान देश लांबूनच पाहावा लागला.

समेटाच्या बाबतीत मात्र नवा करार घाई करायला लावतो. डोंगरावरील प्रवचनात येशू म्हणतो की, भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवलं तर अर्पण वेदीपाशीच सोडावं, आधी त्याला भेटावं. पौल इफिसकरांना राग सोडायला सूर्यास्तापर्यंतचीच मुदत देतो.

डोंगरावरच्या याच प्रवचनानं कवी नारायण वामन टिळकांना ओढून घेतलं. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थानं त्यांना नवा करार दिला. वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथंच गुंतले. 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा तापट स्वभाव काही त्या पाण्यात वाहून गेला नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात तो झाकूनही ठेवलेला नाही. गलतीकरांच्या पत्रात आत्म्याची जी नऊ फळं सांगितली आहेत, त्यांत संयम शेवटी येतो. फळ म्हटलं की ते धरायला आणि पिकायला वेळ हा लागणारच.

‘क्षमा म्हणजे अन्याय गिळणं’ असं तुला वाटत असेल, तर ग्लॅडिस स्टेन्स यांच्याकडे बघ. जानेवारी 1999 मध्ये ओडिशातल्या मनोहरपूर गावात त्यांचे पती ग्रॅहम आणि दहा व सहा वर्षांची दोन मुलं गाडीत झोपलेली असताना जाळली गेली. ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीरपणे सांगितलं आणि बारीपद्यात कुष्ठरोग्यांची सेवा पुढे चालू ठेवली. खटला मात्र चाललाच. मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये कायम केली. न्याय त्यांनी न्यायालयावर सोपवला. सुडाला मनात जागा दिली नाही.

तेव्हा साहेबांना उत्तर द्यायचंच असेल, तर ते वहीत लिही, सकाळी पुन्हा वाच, मग योग्य वाटलं तर त्यांना एकांतात भेटून सांग. जीभ वळवळू लागली की मनातल्या मनात प्रभूची प्रार्थना म्हण. अर्धं मिनिटही लागत नाही, आणि त्यात क्षमेची अट आहेच. हात उगारण्यापर्यंत मजल जात असेल तर पाळकसाहेबांशी बोल, समुपदेशकाकडेही जा. त्यात कमीपणा नाही.

ग्रुपवरच्या मजकुराबद्दल माफी ग्रुपवरच माग. आणि बाबांशी आजच बोल. रविवारच्या प्रभुभोजनाला त्यांच्या शेजारी बसायचं आहे, त्याच्या आत हे झालं पाहिजे.

तुझा,
मामा