भाषाशिक्षकाचे पहिले वर्ष : कोकणी घर आणि मराठी पुस्तक

गोमंतकातील प्राथमिक शाळेत मराठी शिकविण्यासाठी नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकाजवळ पदविकेचा दाखला असतो, पाठटाचणांची वही असते, आणि सराव पाठांच्या वेळी मार्गदर्शकांनी दिलेले शेरेही असतात. परंतु समोर बसलेली मुले घरी कोणत्या शब्दांत भूक सांगतात, कोणत्या शब्दांत रुसतात व भांडतात, हे त्या वहीत लिहिलेले नसते. शिक्षक स्वतः गोमंतकीय असला तरी फारसा फरक पडत नाही. प्रशिक्षणाच्या काळात तो पुस्तकी मराठीची इतकी सवय करून घेतो की, वर्गात उभा राहताना आपले घरचे बोलणे तो उंबरठ्याबाहेर ठेवून येतो, आणि मुलांनीही तसेच करावे अशी अपेक्षा करू लागतो. सहा-सात वर्षांच्या मुलास ते साधत नाही. ते गप्प बसते.

या मौनाचा अर्थ लावणे हे भाषाशिक्षकाच्या पहिल्या वर्षातील सर्वांत महत्त्वाचे काम होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कोकणी ही मराठीची लगतची, परंतु स्वतंत्र भाषा आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीस गोव्याच्या राजभाषेचे स्थान मिळाले व शासकीय कामकाजात मराठीचाही वापर करण्याची तरतूद झाली. १९९२ साली कोकणीचा समावेश घटनेच्या आठव्या अनुसूचीत करण्यात आला. या प्रश्नावर गोव्यात जे वाद झाले त्यांची उजळणी येथे करण्याचे कारण नाही. नवशिक्षकाने एवढेच ध्यानात ठेवावे की, त्या वादाची बाजू घेऊन वर्गात गेल्यास त्याचे ओझे अखेरीस मुलाच्या डोक्यावर पडते. मुलाची घरची भाषा कोकणी आणि शाळेच्या पुस्तकाची भाषा मराठी, ही असंख्य घरांतील वस्तुस्थिती आहे. तिच्यातून वाट काढावयाची आहे.

एका छात्राध्यापिकेच्या सराव पाठात घडलेला प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. ‘काल रात्री काय जेवलास?’ या प्रश्नावर दुसरीतील एका मुलाने ‘नुस्तें’ असे उत्तर दिले. कोकणीत नुस्तें म्हणजे मासळी. बाईंच्या कानी मात्र मराठीतील ‘नुसते’ पडले, आणि त्यांनी सहज विचारले, ‘नुसते काय?’ वर्ग हसला. पुढील अर्ध्या तासात त्या मुलाने तोंड उघडले नाही. मार्गदर्शकांनी पाठाच्या शेवटी फळ्यावरील अक्षर, आवाज, वेळेचे नियोजन यांबद्दल चांगले शेरे दिले. त्या मुलाबद्दल टाचणवहीत काहीच आले नाही, कारण टाचणवहीत त्यासाठी रकानाच नव्हता.

असे फसवे शब्द पुष्कळ आहेत. कोकणीतील ‘हांव’ म्हणजे मी. मराठीतील हाव म्हणजे लोभ. ‘पळय’ म्हणजे बघ. मराठी कानाला तो पळ असा हुकूम वाटतो. ‘रोखडें’ म्हणजे लगेच. मराठीत रोकड म्हणजे नगद पैसा. ‘शीत’ म्हणजे शिजलेला भात. मराठीत त्याच शब्दाने भाताचे एकच कण दाखविले जाते. कोकणीत ‘तो येना’ म्हणजे तो येत नाही. मराठीत ‘तो येईना’ म्हटले की, बोलावूनही येण्याचे मनावर घेत नाही अशी छटा येते. ही यादी नवशिक्षकाने पाठ करावी असे नव्हे. प्रत्येक वाड्यावर तिच्यात भर पडेल. परंतु मुलाचे उत्तर विचित्र वाटले की ते चुकले असे धरून चालण्यापूर्वी क्षणभर थांबावे, आणि ‘घरी यास काय म्हणता?’ हा प्रश्न विचारावा. या साध्या प्रश्नाने वर्गाचे वारे बदलते, कारण त्याचे उत्तर मुलाला नक्की येत असते.

फसव्या शब्दांपेक्षाही अधिक उपयोगी आहे ते दोन भाषांतील नियमित साम्य. नवशिक्षकास प्रारंभी केवळ चुका दिसतात. ‘आंबो’, ‘घोडो’, ‘वाडो’ असे मूल म्हणते व लिहिते, आणि प्रत्येक शब्दाखाली तांबडी रेघ येते. आता या तीन रेघा म्हणजे तीन चुका नव्हेत. कोकणीतील ओकारान्त पुल्लिंगी नाम मराठीत बहुधा आकारान्त होते, हा एकच नियम तिन्ही ठिकाणी आहे. तो मुलाच्या हाती दिला की शेकडो शब्द एका दमात सुटतात. शिवाय अनेकवचनात दोन्ही भाषा एकत्र येतात: आंबो असो वा आंबा, अनेकवचन ‘आंबे’च, घोडो असो वा घोडा, ‘घोडे’च. म्हणून अनुभवी शिक्षक पाठाची सुरुवात अनेकवचनाने करतात. टोपलीतील आंबे, रस्त्यावरील घोडे असे चित्र दाखवून मुलास बोलते करावे, आणि मग एकावर यावे. पायाखाली ओळखीची जमीन असली की पुढचे पाऊल टाकण्यास मूल भीत नाही.

सामान्यरूपाची गोष्ट याहूनही विलक्षण आहे. परभाषकांना मराठी शिकविताना ‘आंबा’चे ‘आंब्याचे’ का होते, ‘घोडा’चे ‘घोड्याला’ का होते, हे समजावताना शिक्षकाच्या नाकी नऊ येतात. कोकणी घरातील मूल ही अवघड वाट चालूनच शाळेत आलेले असते. ते ‘आंब्याचें पान’ म्हणते, ‘घोड्याक’ म्हणते. नामाचे रूप त्याने बरोबर बदललेले आहे. फक्त ‘क’ या प्रत्ययाच्या जागी ‘ला’ आणावयाचा आहे. तांबड्या शाईने अख्खा शब्द खोडणारा शिक्षक त्या मुलास जे येते तेही खोडून टाकतो.

अनुस्वाराविषयी थोडे सविस्तर लिहिणे अवश्य आहे, कारण श्रुतलेखनाच्या वह्यांत सर्वाधिक तांबडे येथेच सांडते. मूल ‘केळें’, ‘तें’, ‘घरांत’ असे लिहिते. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चारात न राहिलेले, केवळ व्युत्पत्तीने येणारे अनुस्वार लेखनातून काढून टाकले. तेव्हा आजच्या मराठीत हे लेखन अशुद्ध ठरते, यात शंका नाही. परंतु कोकणीत ही नासिक्यता आजही उच्चारात जिवंत आहे. मूल ऐकते तसे लिहिते, आणि लेखनाचा पहिला धडा आपण त्यास तोच तर दिलेला असतो! गंमत अशी की, त्याच्या घरातील आजोबांच्या जुन्या पोथीतही ‘केळें’, ‘तें’ असेच छापलेले असते. एखाद्या चौकस मुलाने ती पोथी आणून दाखविली तर शिक्षकाने गोंधळून जाऊ नये. पूर्वी असे लिहीत, आता मराठीत असे लिहितात, कोकणीत अजून असे लिहितात, हे तिसरी-चौथीच्या मुलास सहज समजते. उलट ‘तुझे चूक आहे’ एवढेच सांगितल्यास आपल्या कानावरचा त्याचा विश्वास उडतो, आणि कानावर विश्वास नसलेले मूल पुढे शुद्धलेखन घोकूनच लिहिते.

आता मौनाकडे वळू. गोमंतकातील हिंदू घरांत बोलणे कोकणीत चालत असले तरी आरती, भजन, पोथी आणि जत्रेतील नाटक यांतून मराठी पिढ्यान्‌पिढ्या कानावर पडत आली आहे. मुलास मराठी समजते. मात्र तिच्यात बोलण्याचा प्रसंग त्यास शाळेत येईपर्यंत आलेला नसतो. समजणे व बोलणे यांतील हे अंतर न ओळखल्यामुळे काही नवशिक्षक पहिल्याच महिन्यात ‘वर्ग कच्चा’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. अशा मुलाची पारख प्रश्नोत्तरांनी करू नये, कृतीने करावी. ‘खिडकीजवळची पाटी उचल आणि सुमनच्या दप्तराखाली ठेव’ अशी सूचना मराठीतून द्यावी. मूल न बोलता ती बिनचूक पार पाडते, आणि शिक्षकास त्याचे ज्ञान दिसते. ख्रिस्ती घरातून आलेल्या मुलाकडे हा श्रवणाचा साठा बहुधा नसतो; त्याच्या घरची प्रार्थनापुस्तके रोमी लिपीतील कोकणीत असतात. त्यास अधिक वेळ द्यावा लागतो, व तो कुरकुर न करता द्यावा.

वेळेचा हिशेब नवशिक्षकाने एकदा तरी कागदावर मांडून पाहावा. तासिका ३५ मिनिटांची आणि वर्गात २५ मुले आहेत असे धरू. शिक्षक २० मिनिटे बोलला तर उरतात १५ मिनिटे, म्हणजे प्रत्येक मुलाच्या वाट्याला ३६ सेकंद. त्यातही हुशार चार-पाच मुले इतरांचा वाटा घेतात. भाषा बोलून येते हे मान्य असेल तर ३६ सेकंदांत ती कशी येणार? मुलांच्या जोड्या लावून एकाने चित्र सांगावे व दुसऱ्याने काढावे, अशी योजना केली की एकाच वेळी निम्मा वर्ग बोलतो. गलका होतो हे खरे. शेजारच्या वर्गावरील गुरुजींना त्याची कल्पना आधीच देऊन ठेवावी.

सर्व मुले कोकणी घरांतीलच असतात असेही नाही. रोजगारासाठी आलेल्या कुटुंबांची कन्नड व हिंदी बोलणारी मुले आज गोव्यातील अनेक वर्गांत आहेत. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना स्त्री-पुरुष भेद नाही आणि विशेषण नामाप्रमाणे बदलत नाही. म्हणून तो पंखा व ती खुर्ची, मोठा आंबा व मोठी फणी, हे त्या मुलास अगदी नवे असते. त्याच्या भाषेत ‘तायि’ म्हणजे आई. वर्गातील मुली मोठ्या बहिणीस ‘ताई’ म्हणतात तेव्हा ते बुचकळ्यात पडते. हिंदी घरातील मुलास ‘ळ’ अपरिचित, त्यामुळे त्याची ‘वेळ’ आणि त्याचा ‘वेल’ एकच होतात. एकाच श्रुतलेखनात तीन मुलांच्या दहा-दहा चुका निघाल्या, तरी त्यांची कारणे तीन असतात व उपायही तीन लागतात. सर्वांना तोच शब्द दहा वेळा लिहावयास लावणे म्हणजे ताप, खोकला आणि खरूज यांवर एकच पुडी देणे होय.

वह्या तपासण्याबाबत एक व्यवहार्य मार्ग असा की, एका आठवड्यात एकाच प्रकारच्या चुकीवर खूण करावी. या आठवड्यात ओकार-आकार, पुढील आठवड्यात अनुस्वार. बाकीच्या चुका शिक्षकाने आपल्या वहीत टिपून घ्याव्यात, मुलाच्या वहीत नव्हे. पालकांना याची पूर्वसूचना न दिल्यास ‘मास्तर वह्या नीट पाहत नाहीत’ अशी तक्रार येते. तशी ती येणारच, कारण तांबडी शाई म्हणजे अध्यापन अशी आपल्याकडे समजूत आहे.

वाचनपाठात आणखी एक फसगत संभवते. पाठ्यपुस्तकातील धडा मूल घडाघडा म्हणून दाखविते, बोटही ओळीवरून फिरत असते, आणि प्रत्यक्षात ते वाचीत नसते. ऐकून पाठ झालेले म्हणत असते. चित्र झाकून ओळीतील शब्द शेवटाकडून एकेक विचारले की खरे काय ते कळते. ही तपासणी एकट्याची करावी, चारचौघांत करू नये.

पालकांचा प्रश्न नाजूक आहे. २०११ नंतर इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान मिळू लागल्यापासून गावातील मराठी शाळेपुढे पटाची चिंता कायमची आहे. वर्गात कोकणी ऐकू आली तर काही पालक म्हणतात, हे घरी बोलतातच, शाळेत कशाला? त्यांची काळजी खोटी नाही. मुलाने पुढे जावे हीच तिच्यामागील इच्छा आहे. त्यांस व्याख्यान देण्यापेक्षा एखाद्या दुपारी वर्गात बसवावे. आपले मूल प्रथम घरच्या शब्दांत आणि मग मराठीत तीच गोष्ट सांगताना पाहिले की बहुतेकांचे समाधान होते. ज्यांचे होत नाही त्यांच्याशी वाद घालू नये.

पर्यवेक्षक अधिकाऱ्यांसाठीही दोन शब्द लिहावेसे वाटतात. गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’ या गुजराती पुस्तकातील शिक्षकास शिक्षणाधिकारी चौथीचा एक वर्ग वर्षभर प्रयोगासाठी सोपवितो, आणि तो शिक्षक पाठ्यपुस्तकाऐवजी गोष्टींनी आरंभ करतो. ती कथा कल्पित असली तरी तिच्यातील अधिकाऱ्याचे वागणे अनुकरणीय आहे: तो शंका घेतो, परंतु वर्ष संपेपर्यंत थांबतो. नवशिक्षकाच्या शाळेस भेट देताना टाचणवही अवश्य पाहावी. मात्र त्यापूर्वी मागील बाकावर दहा मिनिटे बसून किती मुले बोलली हे मोजावे. पहिल्या सत्रात ही संख्या कमी असल्यास ठपका ठेवू नये. दुसऱ्या सत्रातही ती तेवढीच असेल तर मात्र शिक्षकाशी बोलणे अगत्याचे आहे.

या सर्व कामासाठी साधन लागते ते एक साधी वही. डाव्या बाजूस मुलाने उच्चारलेला घरचा शब्द किंवा वाक्य, उजव्या बाजूस त्याचे मराठी रूप, आणि खाली तारीख. रोज तीन-चार नोंदी पुरेत. वर्षअखेर तिच्यात त्या गावाचा, त्या वाड्यांचा असा शब्दसंग्रह जमतो, जो कोणत्याही छापील पुस्तकात मिळणार नाही. शिक्षकाची बदली झाल्यास ही वही त्याने बरोबर नेऊ नये. हजेरीपटाबरोबर ती मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करावी, व नवीन येणाऱ्या शिक्षकाने शाळा सुरू होण्यापूर्वी ती वाचून घ्यावी.