३.४ नागर अद्भुतिका : काय वाचावे?

जिच्यात अद्भुत घटना आजच्या, ओळखीच्या शहरात घडतात, अशा कादंबरीला ‘नागर अद्भुतिका’ म्हणता येईल. सहाध्यायांना ती सुचवताना एक कसोटी लावा : कथेतील अद्भुत त्याच शहराच्या भूगोलातून व इतिहासातून उगवते का?

बेन अ‍ॅरोनोविच यांची ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ (२०११) या कसोटीला उतरते. तिचा नायक तरुण पोलीस शिपाई आहे; थेम्सच्या उपनद्या तिच्यात देहधारी देवता होऊन वावरतात. त्यांपैकी फ्लीट व टायबर्न या नद्या लंडनने प्रत्यक्षात रस्त्यांखाली बंदिस्त केल्या आहेत. शहर ज्या पाण्याला विसरले, त्याला ही कादंबरी वाचा देते. नायकाचे मंत्रविद्येचे शिक्षण भागागणिक पुढे सरकते. म्हणून ही मालिका पहिल्या भागापासूनच वाचावी. एकाच भागात पूर्ण होणारी कृती हवी असल्यास नील गेमन यांची ‘नेव्हरव्हेअर’ (१९९६) निवडावी. तीत भुयारी रेल्वेच्या स्थानकांच्या नावांतून पात्रे आकाराला येतात.

बोरांसाठी प्रसिद्ध असलेले मेहरूण आज जळगाव शहरात सामावले आहे. त्याचा तलाव मात्र अजून उघड्या आकाशाखाली आहे.

स्वाध्याय : मेहरूण तलावाची देवता शहराकडे कोणता हिशेब मागेल? दहा ओळींत लिहा.