चादरीचा समुद्र

मलकपेठेतील आमच्या वर्गात समुद्र पाहिलेली मुले मोजकीच. मुसी मात्र सर्वांच्या ओळखीची. ती वाडपल्लीजवळ कृष्णेला मिळते आणि कृष्णा हंसलदीवीपाशी बंगालच्या उपसागराला. म्हणून नाटुकल्याचा आरंभ मुसीपासूनच केला.

लाटा दाखविण्यासाठी मी आठ मुलींना निळे दुपट्टे देऊन रंगमंचाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावावयास लावले. टाळ्या पुष्कळ पडल्या. मग पुढच्या रांगेतील एका मुलाने विचारले, "सर, तो उधर का समंदर खाली हो जाता क्या?"

चूक माझीच होती. लाट पुढे जाते. पाणी तिच्याबरोबर जात नाही. मोकळ्या समुद्रात पाण्याचा कण वर, पुढे, खाली, मागे असा फेरा घेऊन जवळजवळ मूळ जागी येतो.

दुसऱ्या प्रयोगात मुलींनी लांब निळी चादर धरली आणि जागा न सोडता एकीमागून एक उठत-बसत गेल्या. चादरीच्या मधोमध कागदी होडी टाचली होती. उंचवटा पुढे सरकला, होडी जागीच डोलली! (घरी दोघांनी चादर धरूनही हे दाखविता येते.) चादरीखाली 'मासे' निवांत बसविले, कारण लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून अधिक खोलीवर ही हालचाल जवळजवळ उरत नाही. किनाऱ्याच्या टोकाला मात्र दोघींना धावू दिले. उथळात लाट फुटते व पाणी खरोखरच वाळूवर चढते.

प्रश्न विचारणाऱ्या मुलाला या खेपेस मासा केले होते. पडदा पडेपर्यंत तो हलला नाही.