कानांनी पाहिलेली साहसे

मुलांनो, रंगमंच नाही, पडदा नाही, नटांचे मुखदर्शनही नाही. तरीही नाटक रंगते, हे तुम्हांला खरे वाटेल काय? दूरचित्रवाणी घरोघर पोहोचण्यापूर्वी अमेरिकेतील लक्षावधी कुटुंबे रात्री रेडिओभोवती बसून अशी नाटके ऐकत. आपण त्यांना श्रुतिका म्हणतो. ‘एस्केप’, म्हणजे ‘सुटका’, ही साहसी श्रुतिकांची माला सी. बी. एस. या नभोवाणी संस्थेने १९४७ ते १९५४ या काळात प्रसारित केली.

या मालेत दर वेळी कथा नवी, देश नवा आणि नायकही नवा. त्यामुळे नायक अखेर वाचेलच, अशी शाश्वती श्रोत्याला नसे. शिवाय निवेदक प्रारंभीच ‘तुम्ही’ असे संबोधून श्रोत्यालाच संकटात उभे करी!

जानेवारी १९४८ मधील ‘लायनिंगेन विरुद्ध मुंग्या’ ही श्रुतिका पाहा. पाहा कसली, ती ऐकायचीच! मूळ कथा कार्ल स्टीफन्सन यांची. ब्राझीलच्या अरण्यात लायनिंगेनचा मोठा मळा असतो. वाटेतील प्रत्येक जिवाचा फडशा पाडीत मुंग्यांचे अफाट सैन्य त्यावर चाल करून येते. पळून जाण्याचा सल्ला तो धुडकावतो. मळ्याभोवती पाण्याचा खंदक असतो; परंतु मुंग्या पानांचे तराफे करून तो ओलांडतात. आतल्या चरात पेट्रोल पेटवले जाते. तेही संपत येते. आता नदीचे पाणी मळ्यात सोडणे, एवढाच उपाय उरतो. पण बांधाचे चक्र मुंग्यांच्या गराड्यापलीकडे! मजुरांना मृत्यूच्या तोंडी न धाडता लायनिंगेन स्वतःच धावत सुटतो. विल्यम कॉनरॅड या नटाने ही सारी धडपड केवळ आवाजाने उभी केली.

अशा नाटकांतील ध्वनींची साधने मोठी गमतीची असत. नारळाच्या करवंट्या आपटल्या की घोडा दौडे, पातळ पत्रा हलवला की मेघ गर्जत आणि सेलोफेनचा कागद चुरगाळला की वणवा पेटे. मुंग्या मात्र श्रोत्यालाच कल्पाव्या लागत. प्रत्येकाच्या मुंग्या निराळ्या. भित्र्याच्या बहुधा सर्वांत मोठ्या!

पुढे श्रोते दूरचित्रवाणीकडे वळले. १९४२ पासून चाललेली ‘सस्पेन्स’ ही दुसरी श्रुतिकामालाही ३० सप्टेंबर १९६२ रोजी थांबली. लायनिंगेनच्या त्या धावेचे ध्वनिमुद्रण मात्र टिकले आहे. तो चक्रापर्यंत पोहोचला की नाही, हे आजही ऐकता येते.