शिरूरची गाडी कुठे अडली?

पुणे जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. घोड नदीच्या काठी शिरूर दिसेल. याच गावाला पुष्कळ लोक घोडनदी असेही म्हणतात. तिथून खाली, आग्नेयेला, भीमेच्या काठी दौंड आहे. दोन्ही गावे तालुक्याची ठिकाणे आहेत. दोन्हीकडे शाळा, बाजार, कचेऱ्या आहेत. पण एक मोठा फरक आहे. दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन आहे आणि शिरूरला रेल्वेच नाही. शिरूरच्या मुलाला आगगाडीने कुठे जायचे असेल, तर आधी एस.टी.ने दुसरे गाव गाठावे लागते.

म्हणून आपण एक काम करू या. शिरूर ते दौंड लोहमार्ग आपणच टाकू या. जमिनीवर नव्हे, संगणकावर.

संगणकावर आगगाडी चालवण्याचा जो प्रोग्रॅम असतो, त्याला ट्रेन सिम्युलेटर म्हणतात. पडद्यावर इंजिनाची खोली दिसते, ब्रेक आणि भोंगा असतो, समोर रूळ पळत येतात. रेल्वेचे इंजिनचालकसुद्धा असल्या यंत्रांवर शिकतात. २००१ साली 'मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर' आला. त्यात नुसती गाडी चालवता येत नव्हती, तर स्वतःचा मार्गही बांधता येत होता. त्यासाठी बनवलेले मार्ग आजही 'ओपन रेल्स' या मोफत प्रोग्रॅममध्ये चालतात.

पुढे जाण्याआधी शब्दांची ओळख करून घेऊ. उर्दूत आपण पटरी म्हणतो, मराठीत रूळ. लिहिताना मात्र सांभाळा. 'रूळ' यातला रू दीर्घ आहे, पण प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो: रुळावर, रुळाला, रुळांचा. आपल्याकडे ज़िंदगी पटरीवर येते, मराठीत गाडी रुळावर येते, अर्थ एकच. दोन रूळ एकापुढे एक जिथे जुळतात तो जोड. आणि एका मार्गातून दुसरा मार्ग जिथे फुटतो तो सांधा. तो सांधा बदलणारा माणूस म्हणजे सांधेवाला.

आता मार्ग आखू. शिरूरहून निघायचे, न्हावऱ्यावरून जायचे, भीमा ओलांडायची आणि केडगावला पुणे-दौंड मार्गाला मिळायचे. पुढे पाटस आणि मग दौंड. नवा मार्ग शिरूर ते केडगाव एवढाच. तो समजा ४० किलोमीटर धरू. संगणकावर रुळांचे तयार तुकडे मिळतात. काही सरळ, काही वळणाचे, काही सांध्याचे. तुकड्याला तुकडा लावत जायचे. दोनचार दिवसांत मार्ग पुरा होतो. तुम्ही हौसेने गाडी सोडता. शिरूर मागे पडते आणि न्हावऱ्याच्या पुढे कुठेतरी गाडी एकाएकी थांबते, किंवा रुळांवरून घसरते, किंवा चक्क नाहीशी होते.

तुम्ही म्हणाल, "पण सर, रूळ तर दिसताहेत!"

दिसतात खरे. इथेच या कामाचे मर्म आहे. संगणकातली गाडी दिसणाऱ्या रुळांवर चालत नाही. रुळाचा प्रत्येक तुकडा ठेवला की प्रोग्रॅम आपल्या एका वहीत नोंद करतो: हा तुकडा इथे सुरू झाला, इथे संपला, याच्या पुढे अमुक तुकडा. गाडी ही वही वाचत चालते. डोळ्यांना रूळ सलग दिसला, पण वहीत 'याच्या पुढे' ही जागा रिकामी असली, तर गाडीच्या दृष्टीने तिथे मार्ग संपला.

ती जागा रिकामी का राहते? बहुतेक वेळा दोन तुकड्यांमध्ये फट राहिलेली असते. लांबून पाहिले तर जोड चांगला दिसतो. अगदी जवळ जाऊन वरून पाहा, म्हणजे वीतभर, कधी बोटभर अंतर दिसेल. अशा वेळी मुले काय करतात, तर फटीवर आणखी एक छोटा तुकडा ठोकून बसवतात. तसे करू नका. त्याने एका वाईट जोडाचे दोन होतात. शेवटचा तुकडा काढा, मागच्या तुकड्याच्या टोकाला तो आपोआप चिकटेल असा पुन्हा लावा, आणि तिथून पुढे चला. वळणांवर हे काम जास्त किचकट असते, कारण वळणाचे तुकडे ठरावीक मापाचे असतात आणि हवे तसे वाकत नाहीत.

गंमत अशी, की खऱ्या रुळांत फट मुद्दाम ठेवतात. १३ मीटर लांबीचा पोलादी रूळ घ्या. थंडीतल्या पहाटेपेक्षा मे महिन्यातल्या दुपारी तो समजा ४० अंशांनी जास्त तापला. तेवढ्याने त्याची लांबी सुमारे ६ मिलिमीटर वाढते. वाढायला जागा नसेल तर रूळ वाकडा होईल. म्हणून जोडावर थोडी फट सोडून दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या बोल्टने आवळतात. या पट्ट्यांना फिशप्लेट म्हणतात. जुन्या मार्गांवर गाडीचा खडखड ताल ऐकू यायचा, तो या जोडांचा. आता मुख्य मार्गांवर पुष्कळ ठिकाणी रूळ वितळजोड करून लांबच लांब केलेले असतात, त्यामुळे तो ताल कमी झाला आहे. त्या रुळांना वाढायला जागा नसते, म्हणून ते स्लीपर आणि खडी यांच्यात घट्ट धरून ठेवावे लागतात. हे बंध सैल झाले तर काय, हे पाहायला माणूस लागतो. कीमन नावाचा कर्मचारी पाना आणि हातोडा घेऊन आपल्या ठरलेल्या टप्प्यावर रोज पायी चालतो आणि रुळांचे बंध, बोल्ट पाहत जातो. उन्हाळा असो की पाऊस, त्याची फेरी चुकत नाही. आपली संगणकातली गाडी घसरली तर आपण एक बटण दाबून ती पुन्हा शिरूरला उभी करतो. कीमनच्या टप्प्यावरून जाणाऱ्या गाडीत हजारभर माणसे झोपलेली असतात.

दुसरा दोष फटीपेक्षा लबाड आहे. तुम्ही एखादा तुकडा पुसून टाकला. पडद्यावरून तो गेला, पण वहीतली त्याची नोंद कधीकधी तशीच राहते. एखादा मुलगा शाळा सोडून जातो, आणि हजेरीपटात त्याचे नाव राहून जाते, तसेच हे. सर नाव पुकारतात, 'हजर' म्हणायला कोणी नाही! गाडी त्या नसलेल्या तुकड्याकडे वळते आणि अडते. फलाट आणि सिग्नल यांच्या खुणाही याच वहीत असतात. रूळ बदलला आणि खूण जुन्या रुळाचीच राहिली, तर स्थानक दिसते पण गाडीला ते सापडत नाही. काही प्रोग्रॅममध्ये ही वही नव्याने लिहून घेण्याची सोय असते. ती वापरण्यापूर्वी संपूर्ण मार्गाची एक प्रत वेगळी काढून ठेवा. नंतर फलाट आणि सिग्नल एकेक करून तपासा.

पण दोष आहे कुठे, हे ४० किलोमीटरमध्ये शोधायचे कसे? दर वेळी शिरूरहून गाडी हाकत आलात तर दिवस जाईल. निम्म्याची युक्ती करा. मार्गाच्या मधोमध एक जागा धरा आणि शिरूरपासून तिथपर्यंत मार्ग जुळतो का, ते प्रोग्रॅमला विचारा. जुळला, तर दोष पुढच्या २० किलोमीटरमध्ये आहे. मग त्याचे निम्मे करा. २० चे १०, १० चे ५, ५ चे अडीच. सहा वेळा निम्मे केले की फक्त ६२५ मीटर उरतात. तेवढे अंतर डोळ्यांनी तपासता येते. दोष दोन असतील तर पहिला दुरुस्त करून पुन्हा हाच हिशेब मांडा.

आता भीमेवरच्या पुलाकडे येऊ. इथे गाडी घसरत नाही, दमते. समजा पूल जमिनीपासून ६ मीटर उंच ठेवला. मुले सपाट जमिनीवरून रूळ आणतात आणि पूल १०० मीटरवर आला की एकदम चढ देतात. १०० मीटरमध्ये ६ मीटर, म्हणजे साधारण १७ मीटर चालल्यावर १ मीटर चढ. खंडाळ्याच्या बोरघाटात हाच चढ ३७ मीटरला १ मीटर आहे, आणि तिथे गाडीला मागून ढकलायला जादा इंजिने लावावी लागतात. तुम्ही तर भीमेच्या सपाट खोऱ्यात बोरघाटाच्या दुपटीहून उभा घाट बांधला! १५० मीटरला १ मीटर असा चढ ठेवायचा असेल, तर पुलाच्या ९०० मीटर आधीपासून रूळ हळूहळू वर घ्यावा लागेल. मातीचा बांध घालावा लागेल, ओढ्यांना वाट ठेवावी लागेल. खरे अभियंतेही हेच करतात.

रुळांमधील अंतराबद्दल थोडेसे. त्याला गेज म्हणतात. आपल्या ब्रॉड गेजमध्ये हे अंतर १,६७६ मिलिमीटर असते. परदेशी प्रोग्रॅममधले तयार तुकडे बहुधा १,४३५ मिलिमीटरचे असतात, त्यामुळे आपल्या डब्यांची चाके रुळांच्या बाहेर लोंबताना दिसतात. संगणकात गाडी तरीही चालते. जमिनीवर असे चालत नाही. दौंड-बारामती मार्ग १९१४ साली सुरू झाला तेव्हा तो फक्त ७६२ मिलिमीटरचा, छोट्या गाडीचा होता. मोठ्या मार्गावरचा डबा त्यावर जाऊच शकत नव्हता. पुढे तोही ब्रॉड गेज झाला.

शेवटचा दोष केडगावचा. सांध्याला एक तोंड आणि दोन पाय असतात. पायाकडून आलेली गाडी तोंडाकडून बाहेर पडते. तुम्ही तोंड पुण्याकडे केलेत, तर शिरूरची गाडी न अडता, न घसरता, थाटात पुण्याला जाईल. वहीत एकही चूक सापडणार नाही, कारण रूळ बरोबर आहेत, दिशा चुकली आहे. तोंड दौंडकडे फिरवा. शिवाय पुणे-दौंड मार्ग दुहेरी आहे. जाणारी गाडी एका रुळांवर, येणारी दुसऱ्या. म्हणून परतीच्या गाडीसाठीही सांधा लागेल.

दिशेचा हा प्रश्न दौंडला फार जुना आहे. पुण्यापर्यंत रेल्वे १८५८ साली आली आणि मग सोलापूरकडे वाढत गेली. दौंड-मनमाड मार्ग १८७८ चा. हा मार्ग दौंड स्थानकाच्या पुण्याकडच्या टोकाला मिळतो. त्यामुळे सोलापूरकडून आलेली गाडी मनमाडकडे सरळ जाते, पण पुण्याहून आलेली गाडी दौंडला थांबवून, इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला जोडावे लागते. झोपेतून जागे झालेले प्रवासी गाडी उलटी निघाली म्हणून दचकतात. हा वेळ वाचावा म्हणून अलीकडे दौंड कॉर्ड लाइन हे वेगळे स्थानक झाले. तिथून गाड्या दौंड जंक्शनमध्ये न शिरता पुण्याहून मनमाडकडे वळतात.

तुमची शिरूरची गाडी आता पाटस ओलांडून दौंडच्या फलाटाला लागली आहे. ती पुढे अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, न्यायची असेल तर इंजिन कोणत्या टोकाला लावाल? नकाशा पाहून सांगा.

स्वाध्याय

१. रूळ सलग दिसत असूनही संगणकातली गाडी का अडते? तुमच्या शब्दांत लिहा.
२. पूल ८ मीटर उंच आहे. १५० मीटरला १ मीटर चढ ठेवायचा, तर चढ किती आधी सुरू करावा लागेल?
३. 'रूळ' या शब्दाला -ने, -वर, -खाली हे जोडून वाक्ये बनवा.
४. 'रुळावर येणे' आणि 'निम्मे करणे' यांचा वाक्यात उपयोग करा. उर्दूत तुम्ही हेच कसे म्हणाल?