कटर घेण्याआधी मशीन बघ

भाच्या, शिरोलीत शेड घेतलीस, जुनी मिलिंग उभी केलीस, आता कार्बाइडच्या एंड मिल घ्यायच्या म्हणतोस. घे. पण कुठल्या कंपनीचा आणि कुठल्या ग्रेडचा हे विचारायच्या आधी मशीनवरची फेऱ्यांची पाटी वाच. कटरच्या दुकानात जायच्या आधी निम्मी निवड तिथंच होते.

हायस्पीडचा कटर साध्या एमएसवर मिनिटाला 25-30 मीटरनं चालतो. कार्बाइडला 100 तरी द्यावे लागतात, वर कोटिंग असेल तर त्याहून जास्त. हिशेब सोपा ठेव: मीटरला 318 नं गुणायचं, कटरच्या व्यासानं भागायचं. 10 चा कटर, 100 मीटर, म्हणजे 3,180 फेरे. 6 च्या कटरला 5,300 लागतात. तुझ्या मिलिंगचा वरचा गिअर 1,400 वर संपतो. तिथं 6 चा कार्बाइड लावलास तर तो 26 मीटरनं फिरणार, म्हणजे हायस्पीडच्याच चालीनं. पैसे दुप्पट-तिप्पट गेले, काम तेवढंच, आणि मोडायची धास्ती वेगळी. लहान व्यासाला तिथं कोबाल्टचा हायस्पीड लाव आणि निवांत रहा.

मोठ्या व्यासाची गोष्ट उलटी आहे. 40 चा कटर 800 फेऱ्यांतच 100 मीटर गाठतो. जुन्या मशीनवर कार्बाइड पैसे फेडतं ते इथं, टिप झाळलेल्या नाहीतर इन्सर्टच्या कटरमध्ये. सॉलिड कार्बाइडची हौस व्हीएमसी आल्यावर कर.

आता स्वभाव. हायस्पीड वेळूसारखा, वाकेल पण तगेल. कार्बाइड शेवग्याच्या फांदीसारखं, काडकन जाईल. वाकायला मात्र ते फार नाखूश असतं, पोलादाच्या जवळजवळ तिप्पट ताठ. त्यामुळं नीट धरलंस तर माप धरून चालतं, आणि हललं की कोपऱ्यातून टवका उडतो. कार्बाइड झिजून कमी मरतं, थरथरून जास्त मरतं. म्हणून कटर बाहेर किती लोंबतो याकडं डोळ्यांत तेल घालून बघ. लांबी दुप्पट केली की तोच जोर कटरला आठपट वाकवतो, आणि व्यास निम्मा केला की सोळापट. 20 खोल खिसा करायला 75 लांबीचा कटर घ्यायचा, कारण पुढं कधीतरी खोल काम येईल, हा हिशेब दुकानदाराच्या फायद्याचा आहे. कामाला पुरेल एवढा आखूड आणि खिशाच्या कोपऱ्यात बसेल एवढा जाड, असाच घे. ड्रॉइंगमध्ये कोपऱ्याला 6 ची त्रिज्या असेल तर 12 चा बसतो खरा, पण कोपऱ्यात अख्ख्या अंगानं घासून आरडाओरडा करतो. 10 चा घे, कोपरा फिरून येऊ दे.

धरायचं साधन तेवढंच महत्त्वाचं. ड्रिल चकमध्ये एंड मिल धरणारे अजून आहेत, त्यांच्याकडं बघू नकोस. ईआर कोलेट वापर. कोलेट, नट आणि टेपर फडक्यानं पुसून मगच आवळ. नंतर शँकवर डायल लाव. फेक एक शंभरांशच्या आत आली तर उत्तम. दोन शंभरांश फेक असेल आणि दाताला पाच शंभरांशाचा फीड दिला असेल, तर एक दात सात खातो आणि समोरचा तीन. सातवाला आधी जातो, मग त्याचं ओझं शेजाऱ्यावर. लोक म्हणतात कटर खराब निघाला. शँकचं मापही मायक्रोमीटरनं बघून घे: चांगल्या 10 च्या शँकला नऊ मायक्रॉन कमी चालतात, वर एकही नाही.

तुझ्याकडं काम बिडाचंच जास्त येणार. कोल्हापूरच्या फाउंड्रीतून निघालेलं कास्टिंग पंपाचं असो की ट्रॅक्टरचं, वरच्या पापुद्र्यात वाळू असते. तिथं अर्ध्या मिलिमीटरचा लाजरा कट घेतलास की कटरचा कोपरा वाळूतच घासत राहतो. पहिला कट पापुद्र्याच्या खालून घे, वरची साल आपोआप निघते. पातळ कडा आणि कोपऱ्यांवर आधी जुनी फाईल मारून बघ. फाईल घसरली तर तिथं बीड पांढरं, चिल झालेलं आहे. अशा कास्टिंगवर कटर घालवू नकोस, फाउंड्रीला दाखव.

टिप झाळलेला कटर बिडासाठी घेशील तेव्हा टिप के-20 माग. पोलादासाठी पी-30. पोलादाची गरम चिप साध्या टंगस्टन कार्बाइडला चाटून खड्डा पाडते, म्हणून पी जातीत टायटॅनियम आणि टँटलमचे कार्बाइड मिसळलेले असतात. खोक्यावर पी निळा, के तांबडा, स्टेनलेसचा एम पिवळा. कटर हातात आला की भिंग लावून झाळीची रेघ बघ. ती बारीक आणि सलग हवी. मध्ये काळं छिद्र किंवा जाड थर दिसला तर परत दे. गरम झाल्यावर कार्बाइड पोलादाच्या निम्म्यानंच फुगतं. झाळ थंड होताना टिप ताणाखाली येते, ती कायमचीच. अशा कटरला धार लावताना गरम झालं म्हणून पाण्यात बुडवलंस की केसासारखी चीर पडते, आणि ती दिसते ती मशीनवर टिप उडाल्यावरच. हिरव्या चाकावर हलक्या हातानं, शेवट डायमंड चाकावर, आणि थंड होऊ दे आपसूक.

तोच नियम मिलिंग करताना. एंड मिलचा दात एकदा धातूत असतो, एकदा हवेत. मध्येच पिचकारीनं कूलंट मारलं तर तापलेल्या धारेला धक्का बसतो. एकतर पूर सोड, नाहीतर कोरडं चालव आणि हवेनं चिप उडव. बिडाला कोरडंच. जांभळट-काळं टायटॅनियम ॲल्युमिनियम नायट्राइडचं कोटिंग असेल तर पोलादावरही हवा बरी, ते तापल्यावरच नीट राबतं. पोलादाची चिप तांबूस-निळी पडली तर घाबरू नकोस, उष्णता चिपेबरोबर जातेय. हायस्पीडला हीच चिप दिसली असती तर मी मशीन बंद करायला सांगितलं असतं.

हे कोटिंग ॲल्युमिनियमला मात्र लावू नकोस. कोटिंगातच ॲल्युमिनियम, जॉबही त्याचाच, मग धारेला गोळा चिकटतो. दोन नाहीतर तीन दातांचा, चढा पीळ असलेला, आतून आरशासारखा घासलेला, बिनकोटिंगचा कटर घे. दातांमध्ये चिपेला जागा हवी. पोलादाला चार दात, कारण चिप लहान आणि कटरचा गाभा जाड हवा. चार दातांनी ॲल्युमिनियमची खोल खाच मारायला गेलास तर फ्लूट भरतात आणि कटर जातो.

स्टेनलेसबद्दल एकच: दात घासू देऊ नकोस, खाऊ दे. भीतीनं फीड कमी केलास की वरचा थर कडक होतो आणि पुढचा दात त्याच कडक थरावर आपटतो. फीडची भीती सगळ्याच नव्या पोरांना असते. 10 चा चार दातांचा कटर, 3,180 फेरे, दाताला पाच शंभरांश, म्हणजे मिनिटाला 636 मिलिमीटर. ऐकायला जास्त वाटतं. दीडशेवर चालवलास तर कापत नाही, पॉलिश करतो.

तुझ्या मिलिंगच्या स्क्रूला खेळ आहे, मी हलवून बघितलाय. त्यामुळं डाउन मिलिंगच्या नादी लागू नकोस, दात जॉब ओढेल, टेबल उडी मारेल आणि कटरचे चार तुकडे होतील. कार्बाइडला खरं तर तीच दिशा आवडते, जाड चिपेनं सुरू, पातळ चिपेनं शेवट. पण त्याला बॉलस्क्रू पाहिजे. तुझ्याकडं तूर्त अप मिलिंगच.

खरेदीला मुंबईला नागदेवी स्ट्रीटला गेलास तर सॉलिड म्हणून देतात तो कटर हातात तोलून बघ. कार्बाइड पोलादाच्या जवळपास दुप्पट जड असतं, फसवणूक तळहाताला कळते. कोपऱ्यात अगदी टोकदार धार असलेला कटर दिसायला देखणा, पण ड्रॉइंगला चौकोनी कोपरा नको असेल तर अर्ध्या मिलिमीटरची त्रिज्या असलेला घे. पहिल्यांदा उडतो तो कोपराच. सरळ खाली घुसवायचा असेल तर एक दात मधोमध पोचलेला आहे ना, हे खालून बघ. धार लावून आणलेला जुना कटर रफिंगला चांगला, पण तो 10 चा राहिलेला नसतो आणि त्याचं कोटिंगही गेलेलं असतं, तेव्हा माप घेऊन डबीवर लिही.

धार तिथंच लावणार असशील तर मास्क लाव आणि धूळ ओढणारा पंखा बसव. त्या धुळीत कोबाल्ट असतो, छातीत बसला की निघत नाही. मोडके कटर आणि संपलेले इन्सर्ट लोखंडाच्या भंगारात टाकू नकोस, वेगळ्या डब्यात ठेव. ते किलोवर वेगळ्या भावानं जातात. विकताना झाळलेले कटर त्यात मिसळू नकोस, शँकचं पोलाद बघून भंगारवाला भाव पाडतो.