नव्वद मोठे की शंभर?

प्रश्न : आमच्या दुकानाचा माल मोंगोडीबीत नोंदवलेला आहे. १०० रुपयांपेक्षा महाग वस्तू मागितल्या, तर काही महागड्या वस्तू यादीत येतच नाहीत. मुलाने तेच ‘एक्सप्र’ वापरून विचारलं, तर त्या आल्याच, शिवाय ९० रुपयांचं तेलही आलं! डेटाबेसला गणित येत नाही का?

उत्तर : गणित येतं. तुमच्या काही किमती आकडे नसून मजकूर आहेत, एवढंच. कुणीतरी ९० हे अवतरणचिन्हांत भरलं, आणि डॉक्युमेंट डेटाबेसने ते निमूट ठेवून घेतलं. एका नोंदीत आकडा, दुसरीत मजकूर, तिसरीत किंमतच नाही, असं इथे खुशाल चालतं.

आता गंमत बघा. साध्या ‘फाइंड’मध्ये ‘जीटी’ला आकडा दिला, की तो फक्त आकड्यांशीच ताडून पाहतो, मजकुरातल्या किमतींकडे ढुंकूनही बघत नाही. ‘एक्सप्र’मध्ये मात्र सगळ्या प्रकारांची एकच उतरंड असते : आधी नल, मग आकडे, मग मजकूर, पुढे ऑब्जेक्ट, अ‍ॅरे, बऱ्याच नंतर तारखा. मजकुराची पायरी आकड्यांच्या वरची, म्हणून "९०" हा मजकूर १०० या आकड्यापेक्षाच काय, एक कोटीपेक्षाही मोठा! उलट, ज्या वस्तूला किंमतच नाही ती ‘१०० पेक्षा कमी’त मुकाट्याने येऊन बसते. एकाच चिन्हाचे दोन अर्थ ठेवणं मला तरी पटत नाही, पण ते तसं आहे.

बरं, १०० सुद्धा मजकूर म्हणून दिला तर? मग पहिलं अक्षर बघितलं जातं. ९ हा १ च्या पुढचा, म्हणून तेल पुन्हा यादीत.

उपाय असा. ‘टाइप’ वापरून किंमत स्ट्रिंग असलेल्या नोंदी शोधा आणि ‘कन्व्हर्ट’ने त्यांचे आकडे करा. "१,२५०" मधला स्वल्पविराम किंवा मागचं ‘रु.’ त्याला पचत नाही, तेव्हा ‘ऑनएरर’ जरूर द्या. पैशांसाठी डेसिमल प्रकार बरा; ३.४ आवृत्तीपासून तो आहे. आणि कलेक्शनला व्हॅलिडेशनचा नियम लावून टाका, म्हणजे पुढची चुकीची नोंद दारातच अडेल.

जाता जाता : एका वस्तूच्या किमती अ‍ॅरेत असतील, समजा ८० आणि ४५०, तर ‘१०० ते २०० मधल्या’ म्हटल्यावर तीही येईल. ४५० ने एक अट भागवली, ८० ने दुसरी. तिथे ‘इलेममॅच’ लागतं.